कापूस भिजू दे

भावजींनी सिगरेट सोडली तेव्हा ताईला वाटलं, सुटले बाई एकदाची. आता राख नाही, पडद्यांना वास नाही, जानेवारीच्या थंडीत मागचं दार उघडं टाकून उभं राहणं नाही. दर रविवारी साडेनऊ ते साडेअकरा आपलं सिंक जप्त होणार आहे, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

भावजी मूळचे सांगलीचे. वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल झाले, तिथेच सिगरेट लागली, आणि डिग्री व सवय दोन्ही घेऊन इंग्लंडला गेले. हॅरोला घर, पंप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. १ जुलै २००७ पासून इंग्लंडात कचेरीच्या आणि पबच्या आत सिगरेट ओढायला बंदी आली, तेव्हापासून ते कंपनीच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली पावसात उभं राहून ओढू लागले. त्या पत्र्याखालीच कुणीतरी त्यांच्या हातात पहिल्यांदा ई-सिगरेट दिली. भावजी ही गोष्ट फार रंगवून सांगतात. "मी एक झुरका घेतला, आणि त्याला विचारलं, हे उघडतं कुठून?"

दुसऱ्या कुणी किंमत विचारली असती. कुणी विचारलं असतं, की याने खरंच सिगरेट सुटते का. भावजींना फक्त ते उघडून बघायचं होतं. सिगरेट सुटली ती त्यांच्या निश्चयाने नव्हे, ही माझी पक्की समजूत आहे. सिगरेट खोलता येत नाही, तिला आटे नसतात, ती ओढून संपली की हातात नुसतं थोटूक उरतं. ज्या वस्तूला सर्व्हिसिंग लागत नाही तिच्यात हा माणूस इतकी वर्षं रमला कसा, हेच नवल.

आपल्याकडे या यंत्रावर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पुष्कळांनी ते पाहिलेलं नसेल, आणि त्यात काही बिघडलेलंही नाही. तरी पुढचं कळावं म्हणून रचना सांगतो. खाली बॅटरीचा ठोकळा. त्यावर आट्यांनी बसणारा काचेचा टँक, ज्याला भावजी 'टाकी' म्हणतात. टाकीत प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाचा अर्क आणि निकोटिन यांचं मिश्रण. मध्ये बोटाच्या पेराएवढी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात भरलेला कापूस. कापूस द्रव पितो, तार तापते, वाफ होते, ती वरच्या तोटीतून ओढायची. "धूर नाही, वाफ," हे ते न चुकता बजावतात. "यात काही जळतच नाही. जळलं, तर समज मेंटनन्स झालेला नाही."

मेंटनन्स. सांगलीच्या उच्चारातला हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून किती वेळा येतो ते मोजायला ताईने सोडून दिलं आहे. भावजींचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरी आले की स्टोव्हची पिन, सायकलची चेन, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा प्लग. त्यांच्याकडून भावजींना दोन गोष्टी वारशाने मिळाल्या. एक पक्कड, आणि एक वाक्य: "हाताने घट्ट, जोराने नाही." पक्कड हॅरोच्या गॅरेजमध्ये खिळ्यावर टांगलेली आहे. वाक्य रविवारी बाहेर येतं.

रविवारी पोहे झाले की टेबलावर वर्तमानपत्र पसरलं जातं. ते सांगलीचं लागतं. म्हणजे सांगलीहून लोणच्याच्या बरण्या ज्यात गुंडाळून येतात ते. इंग्रजी पेपर घरात फुकटचा येऊन पडतो, पण "त्याला शाई सुटते" असा भावजींचा दावा आहे. खरी गोष्ट ही, की टाकी वाळेपर्यंत त्यांना काहीतरी वाचायला हवं असतं. "अगं, हळद वर गेली सांगलीला!" "दोन वर्षांपूर्वी गेली होती ती," ताई आतून सांगते. "खाली पण आली असेल."

मग स्टीलच्या तीन वाट्या मांडल्या जातात. बॅटरी आधी काढून फ्रिजवर. "पहिलं काम, वीज वेगळी." हातात पातळ रबरी मोजे, कारण निकोटिन कातडीतून आत जातं आणि बाटलीतलं ते द्रव खरोखरच विषारी असतं. या एका बाबतीत भावजी विनोद चालवून घेत नाहीत. बाटल्या कुलपात असतात, आणि भाची लहान होती तेव्हा त्या कुलपाची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची. त्यांनी जानवं घातलेलं ताईने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

उरलेलं द्रव काढून झालं की टाकी उघडते. वरची तोटी, झाकण, काच, कॉइल, हवेची कडी, बूड. रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंगा, सगळ्यात आधी निघतात आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने वाटीच्या काठावर ठेवल्या जातात. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, जुना टूथब्रश. "जुना" हे फक्त म्हणायला. भाची सांगते की त्यांच्या घरात टूथब्रश जुना व्हायच्या आधीच बढती मिळून खाली टेबलावर जातो. धुऊन झालं की प्रत्येक भाग उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहायचा, फुंकायचा, टिपकागदावर पालथा घालायचा. बॅटरीच्या तोंडाशी द्रव झिरपून किटण धरतं, ते कान साफ करायच्या काडीने टिपायचं.

आट्यांपाशी आले की भावजींचा आवाज हळवा होतो. या टाक्यांना जगभर एकाच मापाचे आटे असतात. सात मिलिमीटरचा व्यास, अर्ध्या मिलिमीटरची पिच, दहा आटे. त्यामुळे चीनमध्ये बनलेली कुठलीही टाकी बहुधा कुठल्याही बॅटरीवर बसते. "युनोला जमलं नाही ते आट्यांना जमलं," ते म्हणतात. मग बूड उलटं दोन वेळा फिरवून, टक्क असा आवाज आला की सुलटं. "आटे चुकले की वस्तू गेली. माणसाचंही तेच." माणसाचं काय ते ते पुढे कधी सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही, कारण पुढे हॅरोच्या कौन्सिलपर्यंत विषय जातो.

एकदा यातली एक ओ-रिंग हरवली. घरी पाहुणे आले होते, वेम्बलीचं एक वयस्क जोडपं, नुसते चहाला. भावजींनी त्यांना पाय उचलायला सांगितले. मग टॉर्च आली, सोफा सरकला, आणि पाहुण्यांतले काकाही गुडघ्यावर बसून शोधू लागले. मिळाली नाही. रात्री दहाला फोन आला: "अहो, तुमचं काहीतरी काळं गोल आमच्या ह्यांच्या मोज्याला चिकटून आलंय." भावजी गाडी काढून वेम्बलीला गेले. अशा रिंगांचं पाकीट चिल्लर पैशांत मिळतं आणि त्यांच्याकडे दोन पाकिटं आहेत. पण ती "ओरिजिनल" होती.

टाकीला मागच्या स्वादाचा वास धरतो. मेंथॉल तर घर करून बसतं, नंतर काहीही भरा, त्याला मेंथॉलचीच चव. ते घालवायला भावजी टाकी वोडकात बुडवतात. पाश्चात्त्य मंडळींनी शिकवलेला हा उपाय आहे आणि चालतोही, कारण स्वादाचे अर्क पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चटकन विरघळतात. भावजी स्वतः पीत नाहीत. त्यामुळे महिन्याच्या सामानात एक वोडकाची बाटली येते, तिच्यावर मार्करने 'टाकी' असं लिहिलेलं असतं, आणि मराठी मंडळी जेवायला आली की कुणीतरी ती कपाटात बघून आशेने भावजींकडे पाहतं. "ती नाही," भावजी म्हणतात. "ती धुवायची आहे."

ताईचा या सगळ्याला विरोध आहे असं म्हणवत नाही. तिने सिगरेटचे दिवस पाहिलेले आहेत. भावजींना खोकला यायचा तो जिन्याच्या पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. तो गेला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली एक अहवाल काढला, त्यात वाफ ही सिगरेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज होता. हा आकडा भावजींना तोंडपाठ आहे. वाफ निरुपद्रवी आहे असं तिथले डॉक्टरही म्हणत नाहीत. सिगरेट ओढणाऱ्याला त्यातल्या त्यात बरी, न ओढणाऱ्याने वाटेलाच जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. भावजी मात्र ९५वर थांबतात. "पंच्याण्णव टक्के!" "आणि उरलेले पाच तुम्ही माझ्या सिंकमध्ये ओतता," ताई म्हणते.

त्यावर उपाय म्हणून अल्ट्रासॉनिक मशीन आलं. चष्मे आणि दागिने धुवायचं ते छोटं यंत्र. पाण्यात बारीक कंपनं सोडतं आणि खाचाखोचांतला मळ सुटून येतो. टाकीचं बूड त्यातून असं काही निघालं की भावजींनी त्याचा फोटो काढून सांगलीला आईला पाठवला. त्यानंतर घरातलं काहीच सुटलं नाही. किल्ल्या, चमचे, नळाच्या जाळ्या, भाचीच्या दातांची तार. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेले तेव्हा हे यंत्र बरोबर होतं. मंडळ १९३२ सालचं, तिथे ज्येष्ठ नागरिकांची वाण नाही आणि चष्म्यांचीही नाही. आरतीपर्यंत भावजींनी अर्ध्या सभागृहाचे चष्मे धुतले. आरतीला उरलेले निम्मे लोक हातात चष्मा असल्यामुळे टाळ्या वाजवू शकत नव्हते, आणि ज्यांचे परत मिळाले होते ते म्हणत होते, अरे, मूर्ती यंदा केवढी झळझळीत आहे. एका काकूंनी मात्र उत्साहाने नथ काढून दिली, तेव्हा भावजींनी ती यंत्रापासून लांब नेली. "मोती यात घालायचा नाही काकू. मोत्याचा थर सुटतो. मोती ओल्या फडक्याने पुसायचा, बस." बोलताना त्यांनी नथ अशी धरली होती की काकूंनी घरी जाऊन उरलेले सगळे दागिनेही त्यांच्याच सल्ल्याने पुसले.

आता कॉइलकडे येऊ, कारण भावजींचं तत्त्वज्ञान तिथे आहे.

बाजारात तयार कॉइल मिळते. आठवडा-दोन आठवडे चालते, मग किटण धरून चव जाते, काढून टाकायची. हे "काढून टाकायची" भावजींना पचत नाही. तार चांगली असते, कांथलची. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा हा मिश्रधातू लाल होईतो तापवला तरी टिकतो, म्हणून तो भट्ट्यांत आणि हीटरमध्ये वापरतात. बिघडतो तो कापूस, आणि तोही बहुतेक वेळा गोडामुळे. द्रवात सुक्रॅलोज असलं की ते तारेवर करपून काळा थर होतो. व्हॅनिला कस्टर्ड नावाच्या स्वादाचा भावजींना मनापासून राग आहे. भाचीने वाढदिवसाला आंब्याचा स्वाद आणून दिला होता. त्यांनी एक झुरका घेतला, "हापूस नाही, पायरी पण नाही," एवढं म्हणाले, आणि तीन दिवसांनी कॉइल उघडून तिला आतला काळा गोळा दाखवला. "बघ, हे तुझं प्रेम." लिंबाचं तर नावच काढायचं नाही. त्यांची पहिली टाकी प्लॅस्टिकची होती. लिंबाच्या आणि दालचिनीच्या अर्काने तसलं प्लॅस्टिक तडकतं, हे त्यांना बैठकीच्या खोलीतल्या फिकट रंगाच्या गालिच्यावर कळलं. तेव्हापासून काच.

तर ते तयार कॉइल धुतात. कोमट पाणी, मग वोडका, मग पुन्हा पाणी, मग दोन दिवस वाळवण. खरं सांगायचं तर जळलेला कापूस कितीही धुतला तरी धडका होत नाही. त्यातून फार तर तीन-चार दिवस मिळतात. ताईने एकदा हिशेब मांडला होता: दोन-अडीच पाउंडांची कॉइल, त्यात वाचलेले तीन दिवस, उणे वोडका, उणे टिपकागद, उणे तुमचा रविवार. भावजी शांतपणे म्हणाले, "रविवार उणे नको धरूस. तो मी जमेला धरलाय."

पुढे त्यांनी स्वतः कॉइल वळायला घेतली. तीन मिलिमीटरच्या सळीभोवती तारेचे वेढे. मग खोलीतले दिवे घालवायचे आणि कापूस न भरता बटन दाबून तार तापवायची. ती मधून लाल होत कडांकडे पसरली पाहिजे. एखादा वेढा आधीच पेटला तर सिरॅमिकच्या चिमट्याने छेडून सारखं करायचं. जुनी तारही अशीच साफ होते. कापूस काढला, तापवली, किटण जळून राख झालं, पाण्याखाली धरून ब्रश मारला. "पण फक्त कांथल किंवा स्टील," ते बजावतात. "निकेल आणि टायटॅनियमला असं लाल करायचं नाही. वाफ विषारी होते." अंधारात ती तार पाहायला घरातले सगळे जमतात, मीही जमलो होतो, आणि कबूल केलं पाहिजे, दिसते सुंदर.

नंतर कापूस. कापूस भरून झाला की त्यावर द्रवाचे थेंब सोडायचे, टाकी भरायची, आणि थांबायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोरड्या कापसावर बटन दाबलं तर कापूस जळतो, आणि जळक्या कापसाचा तो झुरका घशात एकदा गेला की माणूस चहासुद्धा फुंकून पितो. ती कॉइल त्याच क्षणी संपली, तिला औषध नाही. म्हणून भावजी घड्याळ लावून, हाताची घडी घालून बसतात. कुणी घाई केली तर डोळे न उघडता म्हणतात, "कापूस भिजू दे."

हे वाक्य आता घरच्या घटनेत गेलं आहे. भाची ड्रायव्हिंगच्या परीक्षेला लगेच बसू का म्हणाली: कापूस भिजू दे. घराचं कर्ज आता नव्या व्याजदरावर न्यावं का: कापूस भिजू दे. मी एकदा नोकरी सोडायचा विचार त्यांच्या कानावर घातला. फोनवर बराच वेळ शांतता होती, मग मागे पाणी वाहिल्याचा आवाज आला. "राजे," ते म्हणाले, "तुमचा कापूस अजून कोरडा आहे."

एका वर्षी ताईच्या सासूबाई सहा महिने हॅरोला होत्या. त्या सकाळी देवापुढे बसून वाती वळायच्या आणि भावजी टेबलापाशी आपला कापूस कापायचे. हे वाफारा घ्यायचं यंत्र आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. भावजींची नवी टाकी तेव्हा गळत होती. रिंगा बदलल्या, काच बदलली, तरी खिशात चिकट. सासूबाईंनी चार-पाच दिवस नुसतं पाहिलं.

"घट्ट कोंबलायस," शेवटी त्या म्हणाल्या. "कालची सैल होती, आजची घट्ट."

"आई, हे वेगळं असतं."

"कापूसच ना? घट्ट वळली की वर चढत नाही, वात नुसती जळते. सैल ठेवली की ओघळतं. मधे भरदार ठेव आणि टोकं जरा विंचर."

भावजींनी टोकं विंचरली. टाकी गळायची थांबली, चवही सुधारली. पंपांच्या कंपनीत द्रवाच्या प्रवाहावर ज्याचा शब्द अखेरचा असतो, तो माणूस त्या मुक्कामात पुढे दर रविवारी आईपुढे कापूस घेऊन बसत होता. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "बाळ, तुझी ही सर्दी किती वर्षांची रे?"

"जुनी आहे."

"तुझ्या बाबांनाही होती. त्यांच्या खिशात काडेपेटी सापडायची." आणि पिशवीतून दोन पुडकी काढली. "ह्या देवाच्या. ह्या तुझ्या."

ते पुडकं भावजींनी वापरलेलं नाही. ते बाकरवडीच्या डब्यात आहे. असे सात-आठ डबे गॅरेजमध्ये एकावर एक रचलेले, प्रत्येकावर ठसठशीत देवनागरी चिठ्ठी: 'रिंगा – लहान', 'रिंगा – मोठ्या', 'काचा', 'तार', 'कॉइल – चांगल्या', 'कॉइल – जुन्या पण बऱ्या'. सगळ्यात खालचा डबा सगळ्यात मोठा आहे. त्यावर लिहिलंय: 'निकामी. टाकू नये.'

एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर, म्हणजे ई-सिगरेटवर, मात्र भावजींची खरी खुन्नस. शाळेतली पोरं असल्या रंगीबेरंगी कांड्या ओढून फुटपाथवर टाकायची. भावजी फिरायला जाताना पिशवी घेऊन त्या उचलत. "यात चांगली लिथियमची बॅटरी असते! पुन्हा चार्ज होणारी! आणि हे लोक ती टाकून देतात!" "अहो, लोकांचं उष्टं उचलू नका," ताई मागून. उघडायच्या नाहीत एवढं मात्र त्यांना कळत होतं, लिथियमला खिळा लागला तर पेट घेते. ते त्या नेऊन पुनर्वापराच्या डब्यात टाकायचे. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये असल्या व्हेप विकायला बंदी आली, त्या दिवशी त्यांनी शिरा करायला सांगितला. दुसऱ्या दिवशी दुकानात पाहिलं तर त्याच रंगांच्या, त्याच नावांच्या कांड्या, फक्त चार्जिंगला भोक आणि बदलायला पॉड. "मेंटनन्सची सोय ठेवली आहे, पण मनापासून नाही," हा त्यांचा अभिप्राय.

भारतात येताना हे सगळं तिकडेच ठेवून यावं लागतं. आपला कायदा उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात, कशालाच मुभा देत नाही, आणि भावजी कायदा पाळणारे गृहस्थ. विमानाच्या आदल्या रात्री टाकी रिकामी करून, धुऊन, वाळवून, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली जाते. निकोटिनची च्युइंगगम बरोबर असतात, त्यामुळे तलफेचा त्रास त्यांना होत नाही. त्रास होतो हातांना.

पुण्यात माझ्याकडे उतरले की पहिल्या दिवशी गप्पा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठतो तर शॉवरची चाळणी व्हिनेगरमध्ये बुडालेली असते. बोअरच्या पाण्याने भोकं बुजली होती, त्यांना झोप लागली नाही. मग कुकरची शिट्टी, शिट्टीखालची नळी ("ही चोंदली तर कुकर नाही, बॉम्ब आहे, माहितीय?"), मिक्सरच्या भांड्याचं पातं, गॅसचे बर्नर. बायकोने घाबरून इडलीपात्र लपवलं. शेजारचे आजोबा पेपर मागायला आले आणि जाताना त्यांचं श्रवणयंत्र टेबलावर ठेवून गेले. दुपारी ते भावजींशी नेहमीच्या आवाजात बोलत होते, इतकी वर्षं आम्हाला वाटायचं ते स्वभावाने ओरडे आहेत. माझं शाईचं पेन चालत नव्हतं, तेही उघडलं गेलं. निब पाण्यात. मी लिहायला बसलो होतो, म्हटलं, "भावजी, दुपारपर्यंत द्यायचंय हे." त्यांनी डोळे मिटले होते. उत्तर काय येणार ते मला माहीत होतं, आणि तेच आलं.

मधल्या काळात त्यांनी निकोटिन उतरवत आणलं होतं. १८ मिलिग्रॅम, मग १२, मग ६. मग मोठ्या बाटलीचं गणित. तिकडे निकोटिन असलेलं द्रव १० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकायला परवानगी नाही, टाकीसुद्धा २ मिलीहून मोठी नाही. म्हणून निकोटिनशिवायचं ५० मिली घ्यायचं, त्यात १८ मिलिग्रॅमची १० मिलीची बाटली ओतायची. साठ मिलीत एकशेऐंशी मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ३. ही भागाकाराची परीक्षा त्यांनी भाचीकडून, माझ्याकडून आणि एकदा पोस्टमनकडूनही करून घेतली. शेवटी ती छोटी बाटली ओतणंही त्यांनी बंद केलं.

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "शून्यावर येऊनही वर्ष होत आलं. आता तर तलफच येत नाही त्यांना. महिना झाला."

मी म्हटलं, "वा! मग रविवारचं सिंक तुझं."

"कसलं माझं," ताई म्हणाली. "शनिवारी रात्री व्हॅनिला कस्टर्ड भरून अर्धा तास ओढतात. खोकतात, तोंड वाकडं करतात, पण ओढतात. विचारलं तर म्हणे, मळली नाही तर उद्या धुऊ काय?"